किती क्रेडिट्स, यापेक्षा कुठं बसतात ते बघ

एडिसन, न्यू जर्सी

चि. सायलीस,


तुझी मेल पोचली. सांगलीच्या मार्कशीट आणि टेक्ससच्या कॉलेजची ट्रान्सक्रिप्टही नीट उघडली. ताईचाही फोन येऊन गेला. तिचं म्हणणं, बी.एस्सी. झालेल्या मुलीनं आता बेडपॅन उचलायचे का? तिला मी काय बोलले ते तिच्याकडूनच ऐक. तुझा प्रश्न जास्त कामाचा आहे. जुलैत तुम्ही इकडे आलात की हातातली क्रेडिट्स धरून नर्सिंगला किती वाचेल, हे काही फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक पक्कं समजून घे. कॉलेजचं ट्रान्सफर ऑफिस क्रेडिट स्वीकारतं ही एक गोष्ट, आणि नर्सिंग विभाग ते आपल्या अभ्यासक्रमात धरतो ही वेगळी गोष्ट. दोन्हीकडची माणसं वेगळी असतात आणि ती एकमेकांना विचारतातच असं नाही. "तुमची साठ क्रेडिट्स घेतली" असं पत्र आलं की लोक पेढे वाटतात. बी.एस.एन., म्हणजे नर्सिंगची पदवी, साधारण १२० क्रेडिट्सची असते, म्हणजे निम्मी पदवी झालीच असा हिशोब मांडतात. मग नर्सिंगवाले यादी काढतात, तेव्हा कळतं की साठांतली चाळीस 'इलेक्टिव्ह' म्हणून पडली आहेत, आणि नर्सिंगच्या पदवीत इलेक्टिव्हला जागा असते जेमतेम दोन-तीन विषयांची. उरलेली क्रेडिट्स ट्रान्सक्रिप्टवर नुसती दिसतात, एक सेमिस्टरसुद्धा वाचवत नाहीत. म्हणून कुणालाही "किती क्रेडिट्स घ्याल?" असं विचारूच नकोस. "माझा हा विषय तुमच्या यादीतल्या कुठल्या विषयाच्या जागी धराल?" असं विचार, आणि उत्तर लेखी घे. मेलवर आलं तरी चालेल. फोनवर "हो, हो, होऊन जाईल" म्हणणारा सल्लागार पुढच्या सेमिस्टरला त्या खुर्चीवर असेलच असं नाही.

आता तुझ्या कागदांकडे येते.

टेक्ससमध्ये तू चार विषय घेतलेस. तिथं कम्युनिटी कॉलेजांत एका विषयाला राज्यभर एकच नंबर असतो, आणि त्यातला दुसरा आकडा क्रेडिट सांगतो. इंग्लिश १३०१ आणि सायकॉलॉजी २३०१ ही तीन-तीन क्रेडिटची, बायॉलॉजी २४०१ हे चारचं. सोय छान आहे, पण ती टेक्ससपुरतीच. इथं त्या नंबराला कुणी ओळखत नाही. इथं वाचतात ते त्या वर्षीच्या कॅटलॉगमधलं विषयाचं वर्णन आणि सिलॅबस. म्हणून तिथून निघायच्या आधी चारही विषयांचे सिलॅबस उतरवून घे, विशेषतः लॅबचे तास लिहिलेलं पान. एकदा कॉलेजचा लॉगिन बंद झाला की ते कागद मिळवताना नाकी नऊ येतात.

इंग्लिश आणि सायकॉलॉजी बहुतेक कुठेही बसतील, त्यांची काळजी सोड. सगळी गोम आहे ती २४०१ मध्ये, म्हणजे ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजीच्या पहिल्या भागात. तुझा पहिला भाग झालाय, दुसरा राहिलाय. पहिल्यात त्वचा, हाडं, स्नायू, मज्जासंस्था, आणि दुसऱ्यात रक्त, हृदय, फुप्फुसं, पचन, मूत्रपिंडं, प्रजनन, अशी वाटणी सगळीकडे साधारण सारखी असते. घोळ होतो तो मधल्या दोन प्रकरणांचा, अंतःस्रावी ग्रंथी आणि ज्ञानेंद्रियं. कुठं ती पहिल्या भागात शिकवतात, कुठं दुसऱ्यात. टेक्ससमध्ये ग्रंथी दुसऱ्या भागात होत्या आणि इथल्या कॉलेजनं त्या पहिल्यात घेतल्या, तर थायरॉइड आणि इन्सुलिन न शिकताच तू पुढे जाशील. काही नर्सिंग विभाग याच कारणासाठी दोन्ही भाग एकाच कॉलेजमध्ये झालेले मागतात. तेव्हा दोन कॅटलॉग शेजारी ठेवून ही दोन प्रकरणं कुठं आहेत ते बघ. दहा मिनिटांचं काम आहे. पहिला भाग पुन्हा घ्यावा लागणार का, हे त्यावरून निम्मं कळेल. उरलेलं निम्मं त्यांचा विभाग सांगेल.

लागला पुन्हा घ्यायला, तर कुरकुर न करता घे. हे मी मावशी म्हणून सांगत नाही, हॉस्पिटलच्या फ्लोअरवर काम करणारी नर्स म्हणून सांगते. परवाच्या रात्रीचं बघ. हृदय कमजोर म्हणून पाणी काढायला फ्युरोसेमाइड चालू असलेला पेशंट. पहाटेचं रक्त आलं, पोटॅशियम २.९. साडेतीनच्या खाली गेलं की आम्ही सावध होतो. त्याला डिगॉक्सिनही चालू होतं, आणि पोटॅशियम घसरलं की तेच डिगॉक्सिन विषासारखं वागायला लागतं. सकाळचा डोस हातात घेऊन उभी असलेली नर्स तेव्हा थांबते, मॉनिटरकडे बघते, डॉक्टरला फोन लावते. हे तिला कुठलं प्रोटोकॉलचं पान वाचून सुचत नाही. मूत्रपिंड पोटॅशियम कसं सोडतं आणि हृदयाच्या पेशीला ते कशाला लागतं, हे डोक्यात बसलेलं असतं म्हणून सुचतं. म्हणून दुसऱ्या भागात घाई करू नकोस. उन्हाळ्यातल्या आठ आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये तो उरकणारी मुलंही मी बघते. नंतर फार्माकॉलॉजीत तीच रडतात.

राहिला चौथा विषय, मायक्रोबायॉलॉजी. त्यापुढचा डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याची खूण, लपवावासा वाटणार, पण लपवू नकोस. बाळंतपणात विषय सोडलास, त्यात लाज कसली? इथं प्रत्येक कॉलेज आधी शिकलेल्या सगळ्या कॉलेजांची ट्रान्सक्रिप्ट मागतं, आणि एखादी दडवल्याचं मागाहून उघडकीला आलं तर प्रवेश रद्द होतो. फक्त एवढं विचारून घे की तुमच्याकडे डब्ल्यू हा एक प्रयत्न धरतात का. काही ठिकाणी शास्त्राचा विषय दोनदाच घेता येतो, आणि सोडलेलाही त्यात मोजतात. तसं असेल तर मायक्रोला नाव घालायच्या आधी बाळाला सांभाळायची पक्की सोय हवी.

आता सांगलीची बी.एस्सी. झूऑलॉजीतला फर्स्ट क्लास आहे, आणि मार्कांचं म्हणशील तर ६३ टक्के बघून घाबरू नकोस. इथल्या मूल्यमापन संस्थांना आपल्या विद्यापीठांतली मार्कांची कंजुषी माहीत आहे. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस किंवा एज्युकेशनल क्रेडेन्शियल इव्हॅल्युएटर्स अशा संस्थांकडून अहवाल करून घ्यावा लागेल. तू ज्या कॉलेजला अर्ज करशील ते कुणाचा अहवाल मान्य करतं ते आधी विचार. आणि अहवाल 'कोर्स-बाय-कोर्स'च माग. नुसती पदवी अमुक दर्जाची आहे एवढं सांगणारा अहवाल स्वस्तात होतो, पण क्रेडिट ट्रान्सफरला त्याचा काडीचा उपयोग नाही. विषयवार अहवाल घेतलास तरी झूऑलॉजीच्या पेपरांनी इथली ॲनाटॉमी सुटेल अशी आशा धरू नकोस. बेडकाचं आणि झुरळाचं डिसेक्शन म्हणजे इथं मानवी शरीररचना नव्हे, आणि कॉलेजांचं हे म्हणणं रास्त आहे. शिवाय या शास्त्रांना मुदत असते. कुठं पाच वर्षं, कुठं सात, कुठं दहा. तुझी पदवी २०१६ ची. एखाद्या कॉलेजनं विषय मान्य केलाच, तरी मुदतीच्या चाळणीत तो गळेल.

मग त्या पदवीचा उपयोग काय? आहे, आणि मोठा आहे. आधीची कुठलीही पदवी असलेल्यांसाठी वर्ष-दीड वर्षाचा 'ॲक्सिलरेटेड' बी.एस.एन. असतो. पण आपली तीन वर्षांची बी.एस्सी. इथल्या चार वर्षांच्या पदवीबरोबर धरायची की नाही, यावर मूल्यमापन संस्थांचं एकमत नाही. कॉलेजचा नॅकचा दर्जा चांगला असेल तर काही संस्था बरोबरीची धरतात, काही सरळ तीन वर्षं म्हणतात. तुझ्या कॉलेजचा त्या काळातला नॅकचा दर्जा बाबांना काढायला सांग.

आणखी एक कटकट. मार्कशीटवर आडनाव, तुझं नाव, मग बाबांचं नाव असं आहे, आणि पासपोर्टवर सासरचं. इथल्या संगणकाला या दोन वेगळ्या बायका वाटतात. लग्नाच्या दाखल्याची प्रत प्रत्येक अर्जासोबत आपणहून जोड, कुणी मागायची वाट बघू नकोस. आणि ट्रान्सक्रिप्ट शिवाजी विद्यापीठाकडून थेट त्या संस्थेकडे जायला हवी. तू घरून पाठवलेली, कितीही शिक्के मारलेली असली तरी, चालत नाही. बाबांना कोल्हापूरला एक खेप घालावीच लागेल. एकीत भागलं तर पंढरीच्या विठोबाला नारळ फोड.

मार्ग कुठला घ्यायचा, याबद्दल माझं मत विचारलंस. माझं मत कम्युनिटी कॉलेजच्या बाजूचं आहे. ॲक्सिलरेटेड कोर्स दमवणारा आणि महागडा. आठवड्याचे पाचही दिवस जातात, आणि तुझं बाळ अजून वर्षाचं नाही. तिथून असोसिएट डिग्री घेतलेली मुलगीही तीच एनक्लेक्स-आर.एन. परीक्षा देते, तिलाही तेच आर.एन.चं, म्हणजे नोंदणीकृत नर्सचं, लायसन्स मिळतं. मग नोकरी करता करता आर.एन.-टू-बी.एस.एन. पुरी करायची. पुष्कळ हॉस्पिटलं त्याच्या फीचा भार उचलतात, आमचंही उचलतं. पुढे बी.एस.एन. लागणारच, हे मात्र धरून चाल. नदीपलीकडच्या न्यूयॉर्कनं २०१७ मध्ये कायदाच केला की नव्या आर.एन.नं लायसन्स मिळाल्यापासून दहा वर्षांत ती पदवी घ्यावी.

या वाटेवर एक खाचखळगा आहे. न्यू जर्सीत राज्यव्यापी ट्रान्सफर करार आहे, २००८ पासूनचा. कम्युनिटी कॉलेजची ए.ए. किंवा ए.एस. पदवी असेल तर सरकारी चार वर्षांच्या कॉलेजनं ती पहिली दोन वर्षं म्हणून पूर्ण धरायची. पण नर्सिंगची असोसिएट पदवी बऱ्याच ठिकाणी ए.ए.एस. असते. मधे एक 'ए' वाढला की ती हमी तशीच्या तशी लागू होत नाही. मग बघायचं, त्या कॉलेजचा पुढच्या विद्यापीठाशी स्वतंत्र करार आहे का. आर.एन.-टू-बी.एस.एन.साठी असे करार पुष्कळ आहेत, पण नाव घालायच्या आधी तो कागद डोळ्यांनी बघ.

आणि मान्यता तपास. कॉलेजला इथल्या मिडल स्टेट्सची, नर्सिंगच्या कोर्सला ए.सी.ई.एन. किंवा सी.सी.एन.ई. यांसारख्या एका संस्थेची, आणि राज्याच्या नर्सिंग बोर्डाची. तिन्ही हव्यात. आमच्या फ्लोअरवरच्या एका मुलीनं जाहिरात बघून एका खासगी संस्थेत पूर्वतयारीचे सगळे विषय केले. फी भरमसाट. त्यांतला एकही विषय पुढच्या कॉलेजनं घेतला नाही. तिला इंग्लिशपासून सुरुवात करावी लागली, आणि कर्जाचे हप्ते अजून फेडतेय.

तुझ्या व्हिसाचं बोलायला हवं, कारण जावईबापूंनी त्याबद्दल मेलमध्ये एक अक्षर लिहिलेलं नाही. एच-४ वर, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, शिकायला हरकत नाही, त्यासाठी व्हिसा बदलायची गरज नाही. पण सरकारी शैक्षणिक मदत मिळत नाही, आणि वर्क परमिट असल्याशिवाय नोकरी करता येत नाही. ते परमिट मिळायचं तर बहुतेकदा त्यांच्या ग्रीन कार्डचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला असावा लागतो. तो झालाय का, हे आजच विचार. झाला नसेल तर हजारो डॉलर एका वर्षात ओतायला मी मनाई करेन. तोवर काउंटीच्या कॉलेजात एकेक विषय घेत जा. काउंटीत राहणाऱ्याला तिथं फी कमी पडते, तेव्हा घर बघतानाच कुठल्या काउंटीत पडतं ते बघून घ्या. रहिवासी धरायला कुठले पुरावे लागतात, आणि एच-४ वाल्यांना तो दर देतात का, हे प्रत्येक कॉलेजला स्वतंत्र विचार.

प्रवेश परीक्षेचं पुस्तक माझ्याकडे आहे, तू विकत घेऊ नकोस. टीईएएस बहुतेक ठिकाणी लागते. तुला शास्त्र आणि गणित जड जाणार नाही. इंग्रजी वाचनाचा भाग मात्र घड्याळ लावून कर.

या आठवड्यात दोनच कामं कर. टेक्ससच्या कॉलेजातून चार सिलॅबस काढून ठेव, आणि मिडलसेक्स काउंटीच्या कॉलेजच्या नर्सिंग विभागाला, ॲडमिशनला नव्हे, मेल टाक. त्यात बायॉलॉजी २४०१ चं वर्णन चिकटव आणि दोनच प्रश्न विचार: हा विषय धराल का, आणि किती वर्षांपर्यंत? उत्तर आलं की मला पाठव, मग ॲनाटॉमीचा दुसरा भाग कुठल्या सेमिस्टरला घालायचा ते ठरवू. मी या आठवड्यात रात्रपाळीला आहे, दुपारी दोननंतर फोन कर.

बाळाला पापा, जावईबापूंना नमस्कार.

तुझी,
मावशी