तिठ्यावर

पालीला एस. टी.ची वाट पाहणे हा आम्हां रत्नागिरीकरांच्या नशिबातला योगाभ्यासच म्हणायचा. मुंबईकडून आलेला रस्ता इथून सरळ लांज्यावरून गोव्याला जातो आणि एक फाटा साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरची वाट धरतो. एकदा असाच बसलो असता शेजारी एक वृद्ध ख्रिस्ती शिक्षक होते. बोलता बोलता रेव्हरंड टिळकांचा विषय निघाला. टिळक आमच्याच जिल्ह्यातले, करजगावचे, जन्म १८६१चा. मी अभिमानाने म्हणालो, "केवढी संकटे आली, पण श्रद्धा सोडली नाही!" गुरुजी हसून म्हणाले, "खरं आहे. पण त्या श्रद्धेची किंमत कोणी दिली, हे कधी विचारलंत?"

मी गप्प झालो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना त्यांचा ख्रिस्त मिळाला. लक्ष्मीबाईंना मिळाले पदरात लहान मूल, नातलगांचा आसरा आणि लोकांच्या तोंडचे चार शब्द. सोवळेओवळे कडक पाळणारी ती बाई! नवऱ्याच्या निष्ठेपायी तिचा संसार मोडला होता. अशी निष्ठा थोर म्हणायची की निष्ठुर? त्या दिवसापुरते विचाराल, तर मी लक्ष्मीबाईंच्या बाजूचा आहे.

परंतु माणसाची पारख एका दिवसावर करू नये. १८६६ साली झालेल्या कायद्याने धर्मांतर केलेल्या माणसाला, जोडीदार नांदायला तयार नसेल, तर कोर्टातून विवाह मोडून घेण्याची वाट खुली होती. टिळकांनी ती धरली नाही. दुसरे लग्न केले नाही, की "मी आलो, आता तूही ये" म्हणून तिला फरफटत नेले नाही. पत्रे लिहिली, रुसले, रागावले (रागीट तर ते होतेच), पण थांबले. आणि लक्ष्मीबाई आल्या त्या आपल्या पायांनी, जातपात देवाने केली नाही, माणसांनी केली, हे स्वतःच्या मनाशी पटवून घेऊन. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. मधली पाच वर्षे दोघांनाही जाळणारी होती. तरी मला वाटते, टिळकांची खरी कसोटी बाप्तिस्म्याच्या दिवशी झालीच नाही. ती रिकाम्या घरात रोज संध्याकाळी होत होती.

पुढेही सुख फारसे नव्हते. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून टिळकांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना नि न घेतलेल्यांना त्यात सारखीच जागा. दोन वर्षांत ते गेले. मग लक्ष्मीबाईंची पाळी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने 'स्मृतिचित्रे' लिहिली आणि नवऱ्याचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुरे करायला घेतले. नवऱ्याचे विक्षिप्तपण तिने लपवले नाही, की त्याबद्दल त्याचा द्वेषही केला नाही. जिचा संसार या श्रद्धेने मोडला, तिनेच ती श्रद्धा शेवटपर्यंत सांभाळली, आणि तीही हसत!

गुरुजींना हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "पण त्यांनी हिशेब मिटवला, की सोडून दिला?" त्यांनी विचारले.

तेवढ्यात कोल्हापूरची गाडी आली. गुरुजी पिशवी सावरीत चढले. माझी गाडी अजून यायची होती.