दोनशे रुपयांचे पुण्य

वसुबारसेच्या संध्याकाळी आपण गाईवासराला ओवाळतो. शेळीला कोणी ओवाळीत नाही. ज्या काळ्याभोर शेळीने आमच्या जिल्ह्याचे नाव देशभर नेले, तिचीही गत तीच. जिल्हा २०२३ साली धाराशिव झाला; शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे.

आमच्याकडे जंगल ते कितीसे! येडशीजवळचे रामलिंग घाटाचे अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. रावणाशी झुंजून जटायू तिथेच पडला, अशी लोकांची श्रद्धा आहे. एरवी जिल्ह्याच्या शंभर एकरांत एक एकरही वन भरत नाही. त्यामुळे आमच्या गावच्या गायरानावर रोजगार हमीतून कडुनिंब, करंज, सीताफळ लागले, तेव्हा मी वर्गातली मुले मुद्दाम तिकडे नेली.

त्या आनंदात थोडा गर्वही होता, हे कबूल करतो. १९७२च्या दुष्काळात माणसे खडी फोडून जगली. त्या काळात रोजगार हमी उभी राहिली आणि तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. माझ्या पगारातून दरमहा दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाचे अडीच हजार त्यापायी कापले जातात. एरवी ते खुपतात. ती रोपे पाहून वाटले, या हिरवळीत आपलाही वाटा आहे.

परतताना बांधावर एक ओळखीची म्हातारी भेटली. मी रोपांचे कौतुक केले. ती म्हणाली, "खड्डे म्याच खणले की, गुरुजी. पैसं बी मिळालं. पण झाडं लागली अन् चराई बंद झाली. तीन शेळ्या व्हत्या, दोन बाजारात इकल्या. झाडं वाईट न्हाईत हो. पर आधी कुणी इचारलं तरी का?"

मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन हिशेब मांडू लागलो. अडीच हजार गेल्याने माझ्या ताटातली भाकरी कमी होत नाही. तिच्या शेळ्या म्हणजे तिची पेढी. दवाखाना असो की नातीची वह्या-पुस्तके, एक करडू विकले की भागायचे. खड्ड्यांची मजुरी काही आठवड्यांत संपली. चराई मात्र वर्षानुवर्षे बंद राहणार. मग या वनासाठी खरी वर्गणी कोणी दिली? माझी वर्गणी सरकारदप्तरी नोंदलेली आहे. तिची कुठेच नाही.

कोणी म्हणेल, शेळ्या मोकळ्या सोडल्या तर एक रोप जगणार नाही. खरे आहे. उद्या दुष्काळ पडला तर त्याची झळ पहिली तिलाच लागेल, हेही खरे. म्हणून बंदी अन्यायाची आहे असे मी म्हणत नाही. अन्याय आहे तो न विचारता त्याग वसूल करण्यात. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११पासून गाव आपला बांबू आपणच विकू लागले. त्यांचे जंगल पूर्वापार, आमचे अजून गुडघ्याएवढेही नाही. तरी न्याय एकच: ज्याने सोसायचे, त्याला विचारायचे आणि फळातला पहिला वाटा त्याला द्यायचा. खड्ड्यांसाठी पैसा मंजूर होतो, तसाच वैरणीसाठीही का होऊ नये?

रोपांमधले गवत कापून नेण्याचा पहिला मान शेळीवाल्यांचा असावा, आणि गायरानाचा एक तुकडा पाळीपाळीने चराईला मोकळा राहावा, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडायचे मी ठरवले आहे. पारावर हे बोललो, तर एकाने विचारले, "गुरुजी, तुमच्या दारात शेळी हाय का?"

नाही. आणि म्हणूनच हे बोलणे मला इतके सोपे जाते. तेव्हा ठराव मांडण्याआधी त्या म्हातारीच्या घरी जाऊन तिला तो वाचून दाखवणार आहे. ती जे खोडील ते खोडायचे, आणि मगच सभेला जायचे.