निरुपयोगी वस्तूचा जीर्णोद्धार

ज्या गावी वैशाखात पारा ४७-४८ अंशांपर्यंत चढतो, त्या गावी मोटारीतील हीटर दुरुस्त करावा की करू नये, हा प्रश्न ऐकून वाचकांस हसू येईल. आम्हासही आले होते. परंतु चंद्रपुरातील आमच्या एका स्नेह्यांच्या अंगणात ज्या दिवशी हा वाद निघाला, त्या दिवसापासून तो आमच्या डोक्यातून गेलेला नाही. प्रश्न हीटरचा आहे तितकाच तो प्रामाणिकपणाचा आहे, असे आम्हास उत्तरोत्तर वाटू लागले आहे.

गाडी म्हणजे स्वातंत्र्याच्या सुमारास बनलेली एक अमेरिकन पिकप. स्नेह्यांच्या वडिलांनी ती जुनी म्हणून घेतली आणि बरीच वर्षे आलापल्लीकडील सागवान व बांबू तिच्यावरून वाहिला. गडचिरोली हा वेगळा जिल्हा १९८२ साली झाला; त्यापूर्वीची ही हकीकत, म्हणजे ते सारे रान तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातच मोडत असे. त्या काळच्या पिकपमध्ये हीटर हा बहुधा हौसेचा भाग असे. गिऱ्हाइकाने वेगळे दाम मोजून तो बसवून घ्यावयाचा. या गाडीवर तो आधीच्या मालकाने बसविलेला होता. वडिलांनी त्याचा उपयोग कधी केला नाही आणि तो काढलाही नाही. पुढे त्याला गळती लागली, तेव्हा कोणी तरी दोन्ही नळ्या परस्पर जोडून टाकल्या. पाणी हीटरला वळसा घालून जाऊ लागले आणि डॅशबोर्डाखालचा तो डबा नुसता लटकत राहिला.

वडील वारल्यावर स्नेह्यांनी गाडी नीट करावयास घेतली. हीटरविषयी त्यांचा बेत साधा होता: डबा घासूनपुसून रंगवावा, बटण चकचकीत करावे आणि नळ्या आहेत तशाच जोडलेल्या राहू द्याव्या. पाहणारास गाडी पूर्ण दिसावी, एवढेच. या बेतास हरकत घेतली ती मिस्त्रीने. "ठेवाचा असन त चालू ठेवा भाऊ, नाही त काढून टाका. मुर्दा कायले मिरवता?" एवढे बोलून तो दुसऱ्या कामास लागला.

मिस्त्रीचा हा आक्षेप नीट समजून घेण्यासारखा आहे. जुन्या वस्तूशी कसे वागावे याविषयी आपल्याकडे दोन परस्परविरुद्ध शिकवणी आहेत. एक आपल्या शास्त्राची. मूर्ती भंगली की तिचे विसर्जन करावयाचे आणि नवी प्रतिष्ठापना करावयाची. जीर्णोद्धार म्हणजे पुन्हा कार्यक्षम करणे, देवास पूजेस बसविणे. दुसरी पुरातत्त्व खात्याची. सर जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये त्या खात्यासाठी जे नियमपुस्तक सिद्ध केले, त्याचा रोख असा की जुने जितके उरले तितके जपावे. हरवलेल्या शिल्पाच्या जागी कल्पनेने नवे कोरून ते जुन्यात मिसळू नये. वैनगंगा जेथे उत्तरवाहिनी होते तेथे मार्कंड्याचे देवालय उभे आहे. त्याच्या मुख्य मंदिरावर पूर्वी वीज पडून शिखर ढासळले होते व नंतर कोणी तरी ओबडधोबड हातांनी ते सावरले होते. तेथे उभे राहिले म्हणजे या दोन्ही शिकवणींतील ताण डोळ्यांस दिसतो. भाविकास देऊळ हवे असते आणि संशोधकास पुरावा. दोघांचेही म्हणणे आम्हास मान्य करावेसे वाटते, आणि दोघांची एकत्र सोय लावणे अवघड आहे, हेही खरे.

पण स्नेह्यांचा बेत या दोहोंपैकी कोणत्याच पंथात बसत नव्हता. शास्त्राप्रमाणे पाहावे तर त्यांना हीटर चालू करावयाचा नव्हता. मार्शलप्रमाणे पाहावे तर गंजलेला डबा गंजलेलाच राखावयाचा नव्हता. त्यांना मेलेल्या वस्तूच्या तोंडास पावडर लावावयाची होती. हीटर काढून टाकला असता तर आमची हरकत नव्हती. जेथे गरज नाही तेथे भाग नसणे यात खोटे काय? तो आहे तसा फुटका राहू दिला असता तरी चालले असते. मधला मार्ग मात्र खोटा होता. (या ठिकाणी घरातील वृद्धांचा दृष्टांत देण्याचा मोह कोणासही होईल. आम्ही तो टाळतो. माणसांविषयी बोलावयाचे असेल तर माणसांविषयीच बोलावे, त्यासाठी पत्र्याचा डबा कशास हवा?)

स्नेही दोन दिवस रुसून बसले. पैशाचाही प्रश्न होता आणि तो क्षुल्लक नव्हता. शेवटी त्यांनी हीटर उतरविण्यास संमती दिली आणि आम्ही शेजारी खुर्ची टाकून बसलो. इंजिन थंड असता रेडिएटरच्या खालच्या तोटीने पाणी सोडले. जुने होजपाइप पितळी नळीस इतके चिकटले होते की पिळून ओढले असते तर नळीच उखडली असती. मिस्त्रीने ते लांबीत चिरून सोलून काढले. मोटरच्या तारा सुटल्या, पलीकडील नट सुटले आणि डबा मांडीवर आला. उघडून पाहतो तो आत कुंभारीण माशीची मातीची घरे! पंख्याची पाती त्यांत रुतून बसलेली. आतला गाभा म्हणजे तांब्या-पितळेचा लहानसा रेडिएटरच. इंजिनात तापलेले पाणी त्यातून फिरते आणि पंखा त्यावरून वारा आत ढकलतो. गाभा उलट दिशेने पाणी सोडून धुतला, एका तोंडास बूच मारून दुसऱ्यातून सायकलच्या पंपाने हळूच हवा भरली आणि पाण्याच्या टोपात बुडविला. तीन ठिकाणी बुडबुडे आले. तेथे डाख लावला. मोटरचे कार्बन बदलले, गंज खरवडून डब्यास रंग दिला, नवे होजपाइप घातले. सगळे मिळून चार दिवस गेले.

येथे एखादा तत्त्वचिकित्सक विचारील की कार्बन नवे, नळ्या नव्या, डाख नवा; मग हीटर जुना कसा? मिलिंद राजास नागसेनाने रथाविषयी असेच पेचात टाकले होते. परंतु नागसेनाचा प्रश्न रथ म्हणजे काय हा होता. आमचा प्रश्न रथ ठेवणाराने काय करावे हा आहे. त्यास उत्तर देण्यासाठी पहिल्या प्रश्नाचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही.

गेल्या वैशाखात त्याच गाडीतून आम्ही गोंडपिपरी-आष्टीमार्गे आलापल्लीस निघालो होतो. भर दुपारी, मागे सामानाचे ओझे, गाडी संथ चाललेली. पाण्याच्या उष्णतेचा काटा चढू लागला. आम्ही थांबण्याविषयी सुचविले. स्नेह्यांनी काचा खाली केल्या, हीटरची तोटी पूर्ण उघडली आणि पंखा सुरू केला. पायांवर भट्टीची झळ यावी तसा वारा आला. आम्ही संतापलो, पण थोड्या वेळाने काटा खाली येऊ लागला. गाभा हा दुसरा रेडिएटरच असल्यामुळे इंजिनाची काही उष्णता त्याने आमच्या अंगावर आणून टाकली होती. स्नेही घामाने निथळत होते आणि त्यांच्या मुद्रेवर विजयाचा आनंद होता. "पाहिलेत? उपयोग निघाला!"

आम्हास हा युक्तिवाद त्या वेळीही पटला नाही आणि आजही पटत नाही. उपयोग निघाला नसता तर ते चार दिवस वाया गेले असे ठरले असते काय? मिस्त्रीने त्या दिवशी उपयोगाचा शब्दही काढला नव्हता. उपयोगाने एखादी गोष्ट समर्थनीय ठरते तशीच ती उद्या दुसऱ्या उपयोगाने त्याज्यही ठरते; थंड इंजिनाची गाडी घेतली की हीटर पुन्हा भंगारात. हे सारे आम्ही स्नेह्यांस सांगू लागलो होतो, पण झळ फारच होती. आष्टीच्या पुलावर वैनगंगेचा वारा लागला तेव्हा त्यांनी तोटी बंद केली, आणि पुढे आलापल्लीपर्यंत कोणी बोलले नाही.