निंबाचा घात कोणी केला?

एका खेडेगावी उपासनामंदिरापुढे एक जुना निंब होता. त्याच्या सावलीत मंडळीच्या कित्येक लग्नांच्या पंगती उठल्या व कित्येक मृतांस शेवटचा निरोप दिला गेला. तो निंब वाळला. कोणी कुऱ्हाड चालविली काय, असे विचारता सर्वांनी नाही म्हटले, व ते खरेच होते. परंतु एकाने नाताळचा तारा टांगण्यास खिळा मारिला होता. दुसऱ्याने तार आवळून बांधिली, ती सोडावयास तो विसरला. तिसऱ्याचे बैल त्याच बुंध्यास बांधले जात, व दाव्याने साल झिजली. चौथ्याने पालापाचोळा मुळाशीच पेटविला. तर मग दोष कोणाचा?

प्रथम झाडाची रचना पाहू. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते. साल सभोवार नष्ट झाली, किंवा वाढत्या खोडात तार रुतली, म्हणजे मुळे उपाशी मरतात. पाने मात्र काही काळ हिरवीच दिसतात. म्हणून घात करणाऱ्यास आपला घात कळतही नाही. शिवाय झाडाची जखम आपल्या कातडीप्रमाणे भरून येत नाही. झाड तिच्यावर नवे लाकूड चढवून तिला झाकते. आतले दुखावलेले लाकूड जन्मभर तसेच राहते.

कोणी म्हणेल, झाडास आत्मा नाही, मग पाप कसले? अनुवाद २०:१९ पाहा. नगरास वेढा घातला असताही तेथील फळझाडांवर कुऱ्हाड घालण्यास इस्राएल लोकांस मनाई होती. पुढल्याच वचनात इतर झाडे कामासाठी तोडण्यास मोकळीक आहे. यावरून गरजेपुरते घेणे हे पाप नव्हे; निष्काळजीपणे नाश करणे हे पाप होय.

एकट्या खिळ्याने निंब मेला नसता, हे मला मान्य आहे. परंतु भाकरी वाटली असता प्रत्येकाच्या वाट्यास थोडी येते, तसे दोषाचे नाही. ज्या चौघांनी मिळून घात केला, त्यांपैकी प्रत्येकास देवापुढे पूर्ण उत्तर द्यावे लागेल.

बंधूंनो, येत्या प्रभुवारी उपासनेनंतर आपल्या आवारातील झाडांभोवती फिरून पाहा. सैल असलेल्या तारा सोडा. रुतलेली तार ओढून साल फाडू नका, ती बाहेरून कापा. बैलांसाठी खुंट ठोका, ताऱ्यासाठी बांबू रोवा, पाचोळा खड्ड्यात कुजवा. मग जेथे निंब वाळला, तेथे नवे रोप लावा. त्याची सावली कदाचित आपणांस मिळणार नाही. पहिल्या निंबाची सावली तरी आपण कोठे लाविली होती?