सैरंध्रीचे संरक्षण कोणी करावे?

मुलींना आत्मसंरक्षणाचे शिक्षण द्यावे काय, या प्रश्नावर पूर्वी आपल्या समाजात एकच आक्षेप निघे : मुलीच्या जातीला हे शोभत नाही. तो आक्षेप आता बहुतेक मावळला आहे. त्याच्या जागी एक निराळा आक्षेप आला असून तो अधिक विचारी माणसांकडून येतो. चोराने मोकळे फिरावे आणि घरधन्याने रात्रभर काठी घेऊन जागावे, हा कोणता न्याय, असे ते विचारतात. अत्याचार करणारा पुरुष. मग शिकावयाचे मुलीने का? उद्या एखादीला प्रतिकार करता आला नाही, तर ‘तुला शिकविले होते ना?’ असे म्हणावयास आपण मोकळे होणार नाही काय?

हा आक्षेप मी हलका मानीत नाही. त्याचे उत्तर शोधू लागलो की मला विराटपर्व आठवते.

कीचक हा कोणी वाटमाऱ्या नव्हता. तो राणी सुदेष्णेचा भाऊ, राज्याचा सेनापती. म्हणजे घरातलाच माणूस. मद्य आणण्याच्या निमित्ताने राणीने सैरंध्रीला त्याच्या महाली पाठविले, आणि पाठविताना त्यातील हेतू तिला पुरता ठाऊक होता. कीचकाने धरताच सैरंध्रीने त्याला असा हिसडा दिला की तो भूमीवर कोसळला. येथवर तिचे आत्मसंरक्षण यशस्वी झालेले आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. ती धावत सुटली ती थेट राजसभेत. तेथे कीचकाने तिचे केस धरून सर्वांदेखत तिला लाथ मारली, आणि सभा बसून राहिली. विराट गप्प राहिला, कारण सेनापतीवाचून त्याचे राज्य चालत नव्हते. कंकाच्या वेषातील धर्मराजाने तर द्यूतात व्यत्यय येतो म्हणून तिलाच आत जावयास सांगितले.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले आणि इंग्रज सरकारने १९१० साली त्यावर बंदी घातली. त्या काळच्या प्रेक्षकांनी कीचकात कर्झन पाहिला व सैरंध्रीत मातृभूमी. ते योग्यच होते. पण सैरंध्रीची देवी करण्याच्या भरात ती एका घरात काम करणारी एकटी बाई होती, हे मात्र आपल्या दृष्टीआड झाले.

आता या कथेवरून आजच्या वर्गांकडे पाहू. कराटेच्या वर्गात बहुधा अंधाऱ्या गल्लीतील अनोळखी इसम गृहीत धरलेला असतो. प्रत्यक्ष काय आढळते? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत बलात्काराच्या दहांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो, आणि हे प्रमाण वर्षानुवर्षे तसेच आहे. नातलग, शेजारी, मित्र, वरिष्ठ. कीचकच! ज्याला आपण काका म्हणतो त्याचा हात झिडकारणे हे अनोळख्याला ठोसा मारण्याहून कितीतरी अवघड आहे, कारण तेथे बळ नव्हे तर भीड आडवी येते.

कॅनडातील तीन विद्यापीठांत शार्लीन सेन या मानसशास्त्रज्ञ विदुषीने नेमका हाच धागा धरला. तीन-तीन तासांच्या चार बैठका. त्यांत हातपाय चालविण्याचे शिक्षण होतेच, पण ओळखीच्या माणसाचा हेतू वेळीच ओळखणे आणि भीड सोडून स्पष्ट नकार देणे यांवरही भर होता. ८९३ विद्यार्थिनींवरील या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण, ज्यांना केवळ माहितीपत्रके दिली त्यांच्यात ९.८ टक्के, तर हे शिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के होते. हे यश मोठेच. पण शिकलेल्यांतही शंभरात पाच उरल्या, आणि त्या पाचजणींना दोष देणारा माणूस मला सभेतील त्या मौनी मंडळींपैकीच एक वाटतो.

म्हणून माझे उत्तर असे : शिक्षण हा मुलीचा हक्क आहे, तिच्यावर लादलेले ओझे नव्हे. पोहणे येत नसलेला मनुष्य बुडाला तर त्याला ढकलणाराचा अपराध कमी होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या ३८व्या कलमानेही बलात्काराच्या हेतूने झालेल्या हल्ल्याचा प्रतिकार करताना हल्लेखोराचा प्राण गेला तरी तो हक्क मान्य केला आहे. अहिंसेचे नाव पुढे करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की भ्याडपणा व हिंसा यांतून एकच निवडावयाचे झाल्यास मी हिंसा निवडण्यास सांगेन, असे गांधीजींनी १९२० साली लिहिले होते.

परंतु सभेचे काय? आपल्या या शहराला दोन्ही अनुभव आहेत. १९७८ साली नल्लकुंटा पोलीस ठाण्यातच एका स्त्रीवर अत्याचार झाला व तिच्या पतीचा मारहाणीत अंत झाला. जेथे धावत जावयाचे तेच ठिकाण असे निघाले, तर हिसडा देऊन काय होणार? त्याच शहरात २४ ऑक्टोबर २०१४ पासून ‘शी टीम्स’ साध्या वेषात बसथांब्यांवर, महाविद्यालयांबाहेर आणि नामपल्लीच्या नुमाइशीच्या गर्दीत उभ्या राहू लागल्या. छेड काढणाऱ्याचे छुपे चित्रण करावयाचे व घरच्यांना बोलावून त्यांच्यासमोर त्याचे समुपदेशन करावयाचे, ही त्यांची रीत मला फार मार्मिक वाटते. जी गोष्ट घरात कोणी बोलत नव्हते, ती तेथे बापाला ऐकावी लागते.

आणि २०१९? शमशाबादच्या त्या भीषण घटनेनंतर चारही आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने मात्र ठार मारण्याच्या हेतूनेच त्या गोळ्या झाडल्या गेल्या, असा निष्कर्ष २०२२ साली काढला. भीमानेही कीचकाला रात्री, अंधारात मारले. दिवसा सभेने काही केले नाही म्हणून. त्या रात्रीवर आपण टाळ्या वाजवितो आणि आदल्या दिवसाच्या सभेचा विषय काढीत नाही.

मारुतीच्या देवळालगत तालीम असावी ही आपली जुनी चाल. तेथे मुलांनी दंड-बैठका काढल्या. बळ कशासाठी, हे कोणी फारसे सांगितले नाही. मुंबईत १९९३ साली स्थापन झालेली ‘मावा’ ही संस्था तरुण मुलग्यांशीच या विषयावर बोलत आली आहे. आपल्या प्रांगणात मुलींचा वर्ग भरावयाचा असेल, तर शेजारी असा मुलग्यांचाही भरावा, असे मी सुचवितो.

आणखी एक वर्ग सुदेष्णांचा. लेकराने एखाद्या नातलगाचे नाव घेतले की ‘गप्प बस, घराची अब्रू जाईल’ असे म्हणणारी माणसे प्रत्येक कुटुंबात भेटतात. त्यांना हे सांगितले पाहिजे की २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती न कळविणे हाच गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि बालकांसाठी १०९८ व तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक घरातील वडीलधाऱ्यांनाही पाठ असावयास हवेत.