वचन आणि सवय

एकाच गुप्तहेराच्या कथांची मालिका वर्षानुवर्षे वाचणारा वाचक त्या मालिकेतील नवी कादंबरी उघडतो, तेव्हा ती त्याच्यासाठी पूर्णतः नवी नसते. नायक परिचयाचा असतो, त्याच्या लकबी परिचयाच्या असतात; आरंभी खून, मध्ये संशय आणि शेवटी उलगडा हा क्रमही त्याने गृहीत धरलेला असतो. लेखकानेच हा क्रम मोडला, तर वाचकाची फसवणूक झाली असे म्हणावे काय? वरवर पाहता हा रुचीचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो नीतीचा प्रश्न आहे. कारण जेथे वचन दिलेले असते, तेथेच फसवणूक संभवते.

या प्रश्नाचे एक बोधक उदाहरण इंग्रजी रहस्यकथेच्या इतिहासात आढळते. डॉरोथी सेयर्स यांनी १९२३ साली लॉर्ड पीटर विम्झी हा हौशी गुप्तहेर निर्माण केला. १९३५ साली त्याची दहावी कादंबरी, ‘गॉडी नाइट’, प्रसिद्ध झाली. ऑक्सफर्डमधील स्त्रियांच्या एका काल्पनिक महाविद्यालयात निनावी, विषारी पत्रे येऊ लागतात. हस्तलिखितांची नासधूस होते. मात्र या प्रदीर्घ कादंबरीत खून नाही. विम्झी बराच काळ पडद्याआड राहतो आणि शोधाचा भार रहस्यकथालेखिका हॅरिएट व्हेन हिच्यावर पडतो. तिच्या मनातील विवाह आणि बौद्धिक जीवन यांचा झगडा गुन्ह्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

या कादंबरीविषयी मतभेद झाले आणि ते अद्याप मिटलेले नाहीत. कित्येकांना ती सेयर्स यांची सर्वोत्तम कृती वाटते. उलट ज्युलियन सिमन्स यांनी रहस्यकथेच्या आपल्या १९७२ च्या इतिहासग्रंथात तिच्यातील लांबलचक, गंभीरतेचा आव आणणाऱ्या संवादांवर कठोर टीका केली. त्यापूर्वी, १९३७ साली, क्यू. डी. लीव्हिस यांनी ‘स्क्रूटिनी’ या नियतकालिकात वेगळाच आक्षेप घेतला होता. विद्यापीठीय जीवनाचे हे चित्र खोटे आहे आणि पुस्तकाची साहित्यिकता हा केवळ आभास आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे एका बाजूस पुस्तक रहस्यकथा म्हणून अपुरे ठरले, तर दुसऱ्या बाजूस साहित्य म्हणून दांभिक.

यांपैकी पहिल्या तक्रारीचा विचार करताना वचन आणि सवय यांत भेद करावा लागतो. रहस्यकथाकाराचे वचन कोणते, हे त्या काळच्या लेखकांनीच स्पष्ट केले होते. १९३० साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘डिटेक्शन क्लब’च्या सदस्यांना महत्त्वाचा धागादोरा वाचकापासून न लपवण्याची शपथ घ्यावी लागे, सेयर्स या क्लबच्या संस्थापकांपैकी होत्या. ‘गॉडी नाइट’ या शपथेशी प्रतारणा करीत नाही. गुन्हेगाराकडे नेणारे दुवे वाचकासमोर मांडलेले आहेत. मोडली आहे ती सवय: खुनाची, नायकाच्या अखंड उपस्थितीची, निश्चिंत करमणुकीची. सवय मोडल्याचे दुःख खरे असते. तथापि त्या दुःखाला अन्यायाचे नाव देता येत नाही.

विशेष म्हणजे कादंबरीच्या गाभ्याशी हाच प्रश्न आहे. एका इतिहास-संशोधकाला आपल्या प्रबंधातील सिद्धान्ताला छेद देणारे एक जुने पत्र सापडते. प्रबंध जवळजवळ पूर्ण झालेला, पुढची नोकरी त्यावर अवलंबून, घरी पत्नी. तो ते पत्र दडपतो. मिस डी व्हाइन ही विदुषी त्याचे कृत्य उघडकीस आणते. त्याची पदवी जाते, उपजीविका जाते आणि अखेरीस तो आत्मघात करतो. कागदाच्या एका तुकड्यासाठी माणसाचे घर उद्ध्वस्त करण्याचा अधिकार कोणी दिला, हा त्याच्या पत्नीचा आक्रोश लेखिकेने पूर्ण बळानिशी शब्दांकित केला आहे.

हॅरिएटसमोरही तोच पेच लहान प्रमाणात उभा आहे. तिच्या लिहून होत असलेल्या कथेतील एक पात्र निर्जीव आहे, हे तिला कळते. त्याला माणूस करायचे तर रचलेला सारा डोलारा ढासळणार आणि स्वतःच्या जुन्या जखमाही उघड्या पडणार. कथा आहे तशीच खपली असती. आपला सिद्धान्त सुरक्षित राहावा म्हणून पत्र दडपणारा संशोधक आणि आपला वाचक टिकावा म्हणून जाणवलेले सत्य दडपणारा लेखक यांच्यात अंतर आहे, पण ते प्रमाणाचे आहे. विम्झीला केवळ लकबींचे गाठोडे न ठेवता माणूस करण्याचे जे काम सेयर्स यांनी अंगावर घेतले, त्याचे समर्थन येथे मिळते.

येथे थांबले तर निर्णय एकतर्फी होईल. लीव्हिस यांचा आक्षेप या समर्थनाने निकालात निघत नाही. प्रामाणिक हेतू प्रामाणिक चित्रणाची हमी देत नाही. ऑक्सफर्डवरील प्रेमाने लेखिकेची दृष्टी काही ठिकाणी भारावलेली आहे, हे मान्य करावे लागते. जुना वाचक दुखावला म्हणून त्याला अरसिक ठरवणे हेही अन्यायाचेच होईल. बारा वर्षांच्या त्याच्या निष्ठेवर ही मालिका उभी राहिली होती.

कादंबरीच्या शेवटी मिस डी व्हाइन स्वतःला दोष देते, तो असत्य उघड केल्याबद्दल नव्हे. ते तिला अटळच वाटते. ज्याच्यावर घाव पडला त्या माणसाचे पुढे काय झाले, याची चौकशी आपण केली नाही, याबद्दल ती स्वतःला दोषी मानते. लेखकाच्या नीतीलाही हे माप लावता येईल. मालिका बदलल्याबद्दल त्याने क्षमा मागण्याचे कारण नाही; मात्र मागे राहिलेल्या वाचकाचे म्हणणे ऐकून घेण्याचे ऋण त्याच्यावर राहते. वाचकाचेही एक ऋण आहे. पुस्तक मिटताना वाटलेली निराशा पुस्तकातील उणिवेची आहे की आपल्या मोडलेल्या सवयीची, हे त्याने स्वतःशी प्रामाणिकपणे तपासावे आणि त्यानंतर आपले मत सांगावे.