फरक दिसतो, पण केव्हा?

“120 हर्ट्झचा खरंच फरक पडतो का रे?” नवा फोन घ्यायचा असला की मित्र हमखास विचारतात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे उत्तर माझ्याकडे तयार असणार असं त्यांना वाटतं.

उत्तर सोपं आहे: पडतो. 60 हर्ट्झची स्क्रीन सेकंदाला 60 वेळा चित्र बदलते, म्हणजे एक चित्र साधारण 16.7 मिलिसेकंद टिकतं. 120 ला ते 8.3 वर येतं, 240 ला 4.2 वर. आकडा दर वेळी दुप्पट होतो, पण वाचणारा वेळ निम्माच होत जातो. त्यामुळे पहिली उडी बऱ्याच जणांना जाणवते, दुसरी जाणवायला वेगवान गेम लागतो.

गंमत म्हणजे हा फरक वर जाताना जाणवतो त्याहून जास्त खाली येताना खुपतो. महिनाभर 120 वापरा आणि सेटिंगमध्ये जाऊन 60 करा. तोच फोन अडखळतोय असं वाटेल. मग आपण सुख विकत घेतलं की नवी तक्रार?

पण चष्म्याचंही असंच असतं. लावला की विसरतो, काढला की आठवतो. तरी चष्म्याला कुणी चैन म्हणत नाही, कारण तो न दिसणारी अक्षरं दाखवतो. 120 काय दाखवतं? फक्त हालचाल. स्थिर पानावर अक्षरं तीच. 2022 च्या आयफोन 14 प्रोची स्क्रीन तर काही हलत नसेल तेव्हा 1 हर्ट्झपर्यंत खाली येऊ शकते. सिनेमा आजही बहुतेक वेळा सेकंदाला 24 फ्रेम्सचाच असतो, आणि आपण त्यात रडतो, हसतो.

गेम खेळणाऱ्याला किंवा स्क्रीनवर पेनने चित्र काढणाऱ्याला हालचाल हेच काम आहे. बाकीच्यांची स्क्रीन हलते ती मुख्यतः स्क्रोल करताना, म्हणजे समोरचं सोडून पुढे जाताना. तो स्क्रोल अडखळू नये म्हणून आम्ही ॲप लिहिणारे त्या 8.3 मिलिसेकंदांत सगळं काम बसवतो. कारण अडखळला की माणूस थांबतो, आणि थांबलेला माणूस फोन खाली ठेवण्याची शक्यता असते.

म्हणून फरक दिसतो का, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. जास्तीचे पैसे नीट बघण्यासाठी मोजतोय की न थांबता पुढे सरकण्यासाठी, हे आधी विचारायला हवं. ते उत्तर स्क्रीनच्या आकड्यात नाही, आपल्या अंगठ्यात आहे.